हौसावहिनींची उसळ

फौजेतून घरी आलेली तीन माणसं रोज सकाळी एकाच ओसरीवर चहाला बसायला लागली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. लोकांना वाटतं, आम्ही लढाईच्या गोष्टी सांगत असणार. छे! लढाईचं आम्ही एकमेकांना कधी विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे साठले ते झोपेचे किस्से. आणि तेही एकाच माणसाच्या झोपेचे!

तो माणूस म्हणजे सुभेदार तात्या. साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत सगळ्यात वरचा हुद्दा त्यांचाच. दुसरा बबन, मूळचा वडूजचा, फौजेत गाड्यांचा मेकॅनिक. तिसरा मी, पलटणीतला क्लार्क. फिरून आलो की तात्यांच्या ओसरीवर बैठक, आणि आतून हौसावहिनींचा चहा आणि हरभऱ्याची उसळ. हौसावहिनी म्हणजे तात्यांच्या मंडळी. त्यांच्या हाताला अशी चव होती, की बबन घरून मुद्दाम उपाशी यायचा.

*

नव्वद सालानंतरची गोष्ट. पंधरा ऑगस्टला कॉलनीच्या झेंडावंदनाला प्रमुख पाहुणे तात्या. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, विश्रामची ऑर्डर झाली, पोरांना खाऊ वाटायला सुरुवात झाली. तात्या आपले सावधानमध्येच उभे! छाती पुढे, मुठी आवळलेल्या.

"बघा मुलांनो, याला म्हणतात मिलिटरीची शिस्त!" सेक्रेटरी माईकवरून म्हणाले. जोरात टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या, आणि माईकमधून घोरणं ऐकू आलं!

पोरं पोट धरून हसली. आम्ही दोघं हसलो नाही. उभ्यानं झोपलेले जवान आम्ही पाहिले होते, पण ते सलग जागरणं केलेले असायचे. हा माणूस तर रोज रात्री वेळेवर झोपत होता.

"गड्या," बबन माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यो मानूस रातचा झोपतच न्हाई. कायतरी येगळंच करतुया."

*

बबनच्या जीपमधून तात्यांना सांगलीला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वहिनी बरोबर होत्याच. बाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, माणूस गुदमरून अर्धवट जागा होतो आणि परत झोपतो. रात्रभर हेच चालतं. हृदयावर ताण येतो. आणि एखाद्या रात्री... बाई तिथं थांबल्या.

"काकू, श्वास किती वेळा अडतो, काही अंदाज?"

वहिनींनी पदराची गाठ सोडली आणि टेबलावर हरभरे ओतले. चांगले वाटीभर.

"ह्ये कालच्या रातचं. मोजायला दिवा लावला तर ह्ये पुरतं जागं व्हत्यात. म्हनून वाटी उशाला ठेवते. ह्यांचा दम थांबला की हलवायचं आन येक हरभरा वाटीत टाकायचा."

बाई त्या हरभऱ्यांकडे बघत राहिल्या. "रोज?"

"रोज. सकाळी त्येच भिजत घालते. वाया कशाला घालवायचं?"

बबन माझ्या शेजारी उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"आवं, म्हंजे आमी इतकी वर्सं तात्यांचा दम खात व्हतो?"

मला तर माझ्या तोंडाची चवच कळेना. आम्ही "वहिनी, अजून थोडी" म्हणून ताट पुढे करत होतो, त्या माउलीनं कधी एका शब्दानं सांगितलं नाही.

*

मुंबईला नेऊन, अंगाला तारा लावून, तात्यांची तपासणी झाली. मशिन लागणार, असं ठरलं. रात्री नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब. अशी मशिनं तेव्हा आपल्याकडे कुणी पाहिली होती? वहिनींचा भाचा बोटीवर नोकरीला होता, त्यानं बाहेरून आणलं. आवाज असा, की पिठाची गिरणीच! पण पहिल्याच आठवड्यात तात्यांचा चेहरा असा उजळला, की शेजारचे विचारायला लागले, "पेन्शन वाढली काय?"

मशिनच्या बुडाला एक मीटर होता, किती तास चाललं ते दाखवणारा. रोज चहाला तात्या त्याचा रिपोर्ट द्यायचे, जीपचं रनिंग सांगावं तसा. दर महिन्याला तो आकडा मी एसटीडी बूथवरून सांगलीला कळवायचो.

ओसरीवर आता चहाबरोबर बिस्किटं यायला लागली.

"तात्या बरं झालं, ह्ये लय झ्याक," बबन म्हणाला. "पन मी मातुर वाळलो!"

*

पुढं एक दिवस उसळ परत आली. मीटर तर सांगत होता, मशिन रात्रभर चालतंय. वाटी सांगत होती, श्वास अडतोय. खरं कुणाचं धरायचं?

मशिन घेऊन परत सांगली. बाईंनी मशिन बघितलं, ठीक होतं. मग मास्क हातात घेतला. त्याला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ लावलेलं! सगळी हवा तिथून बाहेर.

"सुभेदारसाहेब, तुम्हाला नवा मास्क दिला होता ना?"

"हाय की, बाई!"

"कुठे आहे?"

"ट्रंकेत. घडी घालून."

"ट्रंकेत का?"

"इन्स्पेक्शनला!"

बाई थक्क झाल्या. मी आणि बबननं मात्र माना डोलावल्या. फौजेत नवं ब्लँकेट साहेबाला दाखवायला असतं आणि जुनं अंगावर घ्यायला असतं. हे आम्हाला कळत होतं, पण बाईंना कसं पटवायचं?

"साहेब," बाई शेवटी म्हणाल्या, "तुमचं इन्स्पेक्शन रोज रात्री आहे. आणि करणारा माझ्यापेक्षा फार मोठा आहे."

तात्या खुर्चीत बसल्या बसल्या सावधान झाले. त्या दिवसापासून नवा मास्क वापरात आला.

*

मशिनही शेवटी म्हातारं झालं. मोटर घरघर करायला लागली, मध्येच दम टाकायला लागली. बबननं दोनदा उघडून चालू केली. तिसऱ्यांदा त्यानं झाकण लावलं आणि हात पुसत म्हणाला, "तात्या, हिचं इंजिन बसलं. आता नवीनच बगा."

नवं मिळेपर्यंतचे ते दिवस मला आठवायला नकोत. उसळ रोज, आणि ताटल्या तशाच भरलेल्या आत जायच्या. तात्या सकाळी काळवंडलेल्या ओठांनी बसून राहायचे. एकदा त्यांनी मला बबन म्हणून हाक मारली. आणि वहिनी! एका सकाळी त्या माझ्या कपात चहा ओतत होत्या. कप भरला, बशी भरली, चहा फरशीवर आला, तरी किटली वाकडीच. बघतो तर डोळे मिटलेले. उभ्यानं झोप लागली होती. जागरणानं दुसरं काय होणार, असं आम्ही म्हणालो. वहिनी ओशाळून फरशी पुसायला लागल्या. या दोघांतलं आधी कोण जातंय, अशी धास्ती मला तेव्हा वाटली होती, ती मी कुणाला बोललो नाही.

*

कंपनीचा माणूस दोन मशिनं घेऊन सांगलीला बाईंच्या दवाखान्यात आला. टाय लावलेला, बोलका. पहिलं मशिन जुन्याच्याच जातीचं, दणकट, आवाज करणारं. दुसरं अगदी नवं, लहान.

"ह्यात रात्रभराची नोंद आपोआप राहते, काकू," बाई म्हणाल्या. "श्वास किती वेळा अडला, मास्क कधी निघाला, सगळं. मी इथं कॉम्प्युटरवर बघेन."

वहिनींनी ते मशिन उचलून उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजे हरभरं ह्येच्या पोटातच हायेत म्हना की!"

बाई खळखळून हसल्या. कंपनीच्या माणसाला काही कळलं नाही, पण त्याला चेव चढला. "आणि आवाज तर नाहीच! चालू आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

वहिनींनी मशिन खाली ठेवलं.

"मग ह्ये चालू हायेत का न्हाई, त्ये मला कसं कळायचं?"

जुन्या मशिनच्या घरघरीवर वहिनींचा जीव टांगलेला होता. घरघर बदलली की मास्क सरकला, हे त्यांना झोपेतही कळायचं. त्यांनी मोठ्या आवाजाच्या मशिनवर हात ठेवला. "ह्येच द्या."

तात्या उठले आणि वहिनींचा हात त्या मशिनवरून हळूच काढला.

"नवंच द्या, साहेब. हिनं लय पहारा दिला. आता हिला झोपू द्या."

*

सुरुवातीला वहिनींचा विश्वास बसेना. हवा येते का बघायला रात्रभर नळीवर हात ठेवून पडायच्या, असं तात्यांनीच सांगितलं. मग हळूहळू हात सुटला. वहिनी झोपायला लागल्या. महिन्यानं बाईंनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "साहेब, पास!" बबननं पेढे वाटले.

आणि एका सकाळी ओसरीवर उसळ आली.

बबननं ताटलीला हात लावला नाही. "तात्या, मशिन बिगाडलं व्हय? उघडून बगू?"

"मशिन बेस हाय."

"मग मास्क? परत ट्रंकेत तर न्हाई ना ठेवला?"

"न्हाई रं. मास्क बी नवा हाय."

तात्यांचा रंग चांगला होता. डोळे तेवढे लाल. चहा त्यांनी स्वतःच आणून ठेवला. इतक्या वर्षांत त्यांना हातात किटली घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"वहिनी कुठायत?" मी विचारलं.

"झोपलीया. सांगलीला जायचंय आज, बबन, जीप काढ. तवर पडू दे तिला." तात्या आमच्यासमोर बसले. "ह्या मशिनला आवाज न्हाई. शेजारी हिचा दम ऐकू येतुया आता. वाटी माज्या उशाला हाय."

त्यांनी ताटली आमच्याकडे सरकवली.

"उसळ म्या केलीया. मीठ बगा."