एका पायावरचा रंगारी

रंगाऱ्याचा उजवा घोटा पहिल्यांदा मुरगळला तो परांचीवरून उतरताना. पुढे पुढे त्याला निमित्तही लागेना. सपाट रस्त्यावर चालता चालता पाय दगा द्यायचा. उंचावर असं झालं तर संपलंच. पण उंचावरचं काम हीच त्याची ऐट होती. म्हणून त्यानं मुकादमाला ताकास तूर लागू दिली नाही.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी घोटा चाचपला.

"हाड शाबूत आहे. पण तोल कसा सांभाळायचा ते घोटा विसरलाय. त्याला पुन्हा शिकवायला हवं."

"या वयात शाळा?"

"शाळाच. एका पायावर उभं राहायचं. जमलं की डोळे मिटून. मग उशीवर."

तो इमानानं शिकला. दात घासताना, चहा उकळेपर्यंत. घोटा थरथरायचा, तो भिंत धरायचा.

"अहो, पडलात तर मी उचलणार नाही हं," बायको म्हणायची.

हळूहळू भिंत सुटली. बाई म्हणाल्या, "आता हा पाय तुमच्या डाव्यापेक्षा भरवशाचा."

सवय मात्र अंगात मुरली. कामावर रंग कालवतानाही डावा पाय आपोआप वर जाई. सोबतच्यांनी नाव पाडलं, बगळा. एकदा मुकादमानं पाहिलं.

"काय रे, मासा दिसला का?"

सगळे हसले. तोही हसला. बरं झाल्याचा आनंद पोटात मावत नव्हता. त्यानं सगळं सांगून टाकलं. मुरगळणं, बाई, उशी. शिवाय डोळे मिटून एका पायावर उभं राहूनही दाखवलं.

मुकादमाचं हसू मावळलं.

"म्हणजे इतके दिवस अधू पाय घेऊन वर चढत होतास?"

"आता बरा झालाय ना. बघितलंत की."

"धड पायाच्या माणसाला असल्या कसरती लागत नाहीत. तू पडलास तर माझ्या गळ्याशी येईल."

"बाईंना विचारा तरी."

"तुझ्या बाई येणार का परांची बांधायला?"

दुसऱ्या दिवसापासून वर मुकादमाचा मेहुणा चढू लागला. सपाता घालून, कानाला फोन लावून. त्याच्या पायांबद्दल कुणी काही विचारलं नाही. रंगाऱ्याकडे खिडक्यांचे गज घासायचं काम आलं.

मेहुणा शिडीवर गेला की ती डुगडुगायची.

"ए बगळ्या, जरा पाय देऊन धर की!"

तो हातातला घासायचा कागद ठेवून उठायचा. शिडीच्या बुडाशी उजवा पाय रोवायचा. शिडी तसूभर हलत नसे.

"भक्कम आहे हं पाय तुझा!" मेहुणा वरून ओरडायचा.

रंगारी वर बघत नसे.