तिळाहून लहान दात

नांदेडच्या एका कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवते. आमच्याकडे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे राखी मातीची पट्टी सापडते. डायनासोरांच्या अखेरच्या काळातल्या तळ्यांचा तो गाळ. त्या तळ्यांच्या काठी चिचुंद्रीएवढा, किडे खाणारा प्राणी असायचा, डेक्कनोलेस्टेस. त्याचा आता मिळाला तर दात मिळतो, तोही तिळाहून लहान. मी कैक वर्षं त्याच्या मागे होते.

भोकरजवळच्या एका शेतात विहीर खोदणं चाललं होतं. राखी माती लागली तर कळवा, असं मी तिथे सांगून ठेवलं होतं. ऐन वैशाखात शेताच्या मालकीणबाईंचा, मावशींचा, फोन आला. "म्याडम, तुमी म्हन्ता तशी राखी माती लागली बगा. पन आज बार उडवनार हायेत."

बार उडाले की पट्टीचा चुराडा होणार. मी पोचले आणि विहिरीतला दगडमाती वर ओढणाऱ्या यारीच्या डोलात बसून खाली उतरले. सुरुंगवाल्याने भोकांत दारू भरून ठेवली होती, वायरी लोंबत होत्या. "पोतं भरा अन् निगा," तो म्हणाला. मी भराभर माती खरवडू लागले.

वर काहीतरी गडगडलं. मला वाटलं, ट्रॅक्टर. सुरुंगवाल्याचा हात जागीच थांबला.

"आभाळ हाय, म्याडम. जवळ वीज पडली तर बार आपसूक उडत्यात. चला!"

आम्ही पोत्यासकट डोलात शिरलो, त्याने हाक दिली, यारी फिरू लागली. निम्म्यावर आलो आणि इंजिन बंद पडलं. डोल हलत राहिला. खाली भरलेली भोकं. सुरुंगवाला डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, मी पोतं छातीशी घट्ट धरून बसले होते. वर हँडल मारायचा आवाज यायचा, इंजिन खोकायचं, परत गप्प. तेवढ्यात भिंती लख्ख उजळल्या. खाली काहीच झालं नाही.

मग इंजिन लागलं.

वर येताच मावशींनी माझा दंड धरून मला पार शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत ओढत नेलं. पहिल्यांदाच एकेरीवर आल्या. "मातीपायी मरतीस का गं? घरी लेकरं हायेत ना तुला?" मी रडायला लागले, तर त्याही रडल्या. बार दुसऱ्या दिवशी, आभाळ निवळल्यावर उडवले.

ती माती धुऊन चाळण्यात पावसाळा गेला. माशांचे दात निघाले, गोगलगायींचे शंख निघाले. पोतं संपत आलं तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली तीन टोकांचा एक दात दिसला, एका बाजूने मोडलेला. जाणकारांनी कळवलं, डेक्कनोलेस्टेसचाच असेल किंवा त्याच्या जवळच्या कुणाचा. एका दातावरून खात्रीने सांगता येत नाही, आणखी माती तपासा.

मी दाताचा मोठा केलेला फोटो घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी तो दूर धरून, जवळ धरून पाहिला.

"एवढ्यासाठी?"

"हो."

त्यांनी मला विहिरीकडे नेलं. पाणी लई चांगलं लागलं होतं. राखी पट्टीचं जे काही उरलं असेल, ते पाण्याखाली कुठेतरी होतं.