वाढत्या अंगाची विंग आणि सहा किलो फराळ

आमच्या शॉमबर्गमधली सगळ्यात उंच जागा म्हणजे मॉलच्या पार्किंगचा वरचा मजला. अशा गावात राहून मी सहा वर्षं पॅराग्लायडिंग करतोय, आणि सहा वर्षांत एकाही स्पर्धेत गोल, म्हणजे शेवटचं मैदान, गाठलेलं नाही. दर वेळी अलीकडेच कुणाच्यातरी शेतात उतरतो. शेवटी माझी बायको मुग्धा म्हणाली, "केदार, या वेळी युरोपला जा, हौस फेडून घे. गोलला पोचलास तर ठीक. नाहीतर आल्यावर विंग विकायची. मला गॅरेजमध्ये गाडी पार्क करायचीये." सहा हिवाळे तिने गाडीवरचा बर्फ खरवडलाय, त्यामुळे मी निमूट हो म्हटलं.

विंग म्हणजे डोक्यावरचं ते कापडी छत. माझी सेकंडहँड, सेलमध्ये मिळालेली आणि एक साइज मोठी. शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा घेतात, तशी मी चाळिशीत विंग घेतली. अंग काही वाढलं नाही. या विंगला पायलट आणि सामान धरून किमान पंच्याऐंशी किलो लागतात, माझे जेमतेम एकोणऐंशी भरतात. स्पर्धेत वजन कमी भरलं तर उड्डाण बाद, म्हणून जगभरचे लोक अशा वेळी पिशवीत पाणी भरतात. मी सहा किलो शेंगदाण्याचे लाडू, चिवडा आणि भाजणी भरली. परदेशात खाण्याचे हाल होऊ नयेत म्हणून फराळ न्यायचाच होता, मग एका दगडात दोन पक्षी. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश होतो की चार जणांना फोन करून सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाची अपॉइंटमेंट फार आधी घ्या. आणि गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही आधीच बुक करा. आम्हाला मॅन्युअल मिळाली. बरोबर स्पर्धेत उतरणारा मित्र संदेश होता, मूळ नागपूरचा, नोकरी सांता क्लाराला. तो म्हणाला, "यार, मी तर अकरा वर्षांत क्लच पाहिला नाही." मग व्हेनिसच्या विमानतळापासून पहिल्या स्पर्धेच्या गावापर्यंत, इटलीतल्या फेल्त्रेपर्यंत, मीच ड्राइव्ह केलं.

फेल्त्रे देखणं आहे. कॉफी उभ्याने प्यायलात तर स्वस्त पडते. उड्डाणाच्या जागी न्यायला व्हॅन असते आणि वरून डोंगर असे दिसतात की बोलणं सुचत नाही. मला ते सावकाश बघता आले नाहीत, कारण मी लगेच खाली येत होतो. पाच दिवस, पाच शेतं. प्रत्येक शेतात व्हॅनची वाट बघत दीड-दोन तास बसायचं, भूक लागायची आणि हात आपोआप पाठीमागच्या पिशवीत जायचा. एका शेतमालकीण आजींना लाडू दिला. त्यांनी मला दोन टोमॅटो दिले आणि गेट दाखवलं.

दुसरी स्पर्धा स्लोव्हेनियात. चिविदालेवरून कोबारीदला जाणारा डोंगरातला छोटा रस्ता घ्या, फार सुंदर आहे. पण तिथे पाऊस. तीन दिवस आम्ही हॉस्टेलमध्ये थालीपिठं लावली. धुराचा अलार्म दोनदा वाजला, तेव्हा पोलंडचे पायलटही खाली जेवायलाच आले. संदेश चौथं थालीपीठ मोडत म्हणाला, "अबे, हे तुझं वजन आहे ना? पाणी तरी भर."

"भरतो रे," म्हटलं आणि विसरलो.

शेवटच्या दिवशी ऊन पडलं, पण हवा मंद होती. जड पायलट एकेक करून अलीकडेच खाली उतरले. संदेशही उतरला. रेडिओवर ओरडला, "केदार, तू वर कसा काय?" मला वाटलं, सहा वर्षांची तपश्चर्या फळाला आली! खालून हिरवीगार नदी सरकत होती, आणि समोर ते मैदान, त्यावरची पांढरी रेघ. मी रेघेच्या पलीकडे उतरलो, गुडघ्यावर बसलो आणि हेल्मेट न काढता रडलो.

मग मोयत्सा काकू आल्या. या तिथल्या मार्शल, म्हणजे नियम तपासणाऱ्या, साठीच्या, हातात वजनकाटा. त्यांनी मला सामानासकट काट्यावर चढवलं. ऐंशी किलो. किमान वजनाला पाच कमी. मी हलका होतो म्हणूनच तरंगलो होतो, यात माझं कौशल्य काही नव्हतं.

"पण काकू, वजन कुठे गेलं नाही, माझ्या पोटात आहे," मी इंग्रजीत बाजू मांडली.

"पोट धरूनच मोजलंय," त्या म्हणाल्या आणि माझ्या नावापुढे शून्य लिहिलं. उरलेल्या भाजणीचं पाकीट मी त्यांना देऊन टाकलं. लाच नव्हती, निकाल लागून गेला होता.

शॉमबर्गला दारातच मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू विन?" मुग्धाने निकाल आधीच पाहिला होता. मी बॅगही न उघडता तिला जीपीएसचा नकाशा दाखवला, सगळं खरं सांगितलं, लाडूंसकट. डोंगरांवरून वळणं घेत मैदानापर्यंत गेलेली ती लाल रेघ ती बराच वेळ बघत राहिली. मला गॅरेज रिकामं दिसायला लागलं.

"विंग विकायची," ती म्हणाली. "ठरलंय ते ठरलंय."

मी मान डोलावली.

"आणि आता मापाची घे," ती म्हणाली. "तू काही आता वाढणार नाहीयेस."