दादाचे दोन हंगाम

माझा मोठा भाऊ सोळाव्या वर्षीच आमच्या कॉलनीतल्या सगळ्या पुरुषांपेक्षा उंच झाला. अंगाने काटकुळा, हात लांबलचक. लोक कौतुक करायचे. आई मात्र त्याच्याकडे बघता बघता गप्प व्हायची. आमचे वडीलही असेच होते. मी तीन वर्षांची असताना ते कामावरून सायकलने येत होते. रस्त्यातच कोसळले आणि गेले. वय चौतीस.

सत्तरचं दशक संपता संपता सातपूरच्या एका कारखान्याने दादाला बास्केटबॉलच्या टीमसाठी नोकरीवर घेतलं. सकाळी स्टोअरमध्ये काम, दुपारनंतर सराव. पहिल्या हंगामात त्याने टीमला स्पर्धा जिंकून दिली. कॉलनीत त्याची मिरवणूक निघाली.

दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला मनमाडला सामना होता. तिथे मध्यंतरात तो छातीवर हात दाबून बसला. ओठ पांढरे पडले होते. उसण भरलीय म्हणाला, आणि परत खेळायला गेला. पण त्याच महिन्यात कारखान्यात तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी नळी त्याच्या छातीवर बराच वेळ धरून ठेवली. मग वडील कशाने गेले ते विचारलं आणि मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

आईला खरेदीचं निमित्त सांगून मी त्याच्यासोबत गेले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फुगून पातळ झाली आहे, खेळ आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले.

दादाने शांतपणे विचारलं, "नाही केला तर?"

"तर एक दिवस मैदानावरच फुटेल."

परतताना इगतपुरीला गाडी थांबली, तेव्हा त्याने डॉक्टरांचं पत्र माझ्या हातात दिलं. आईला काही बोलायचं नाही, टीमच्या सरांनाही नाही. एवढा हंगाम संपू दे, मग सोडतो म्हणाला. मी कबूल झाले. मी एकोणीस वर्षांची होते आणि तो माझा दादा होता.

कारखान्यात त्याने सगळं ठीक असल्याचं सांगून टाकलं. त्यानंतरचे तीन सामने मी पाहिले. तो बास्केटखाली उडी मारायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि त्याचे पाय जमिनीला टेकेपर्यंत माझा श्वास अडकलेला असायचा.

एका रविवारी जेवताना तो पाठ दुखतेय म्हणाला. आई पोळी वाढता वाढता थांबली.

"तुझे बाबाही त्या आठवड्यात हेच म्हणत होते," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी ते पत्र सरांना नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि संध्याकाळच्या सामन्याच्या यादीतून दादाचं नाव काढलं.

घरी आल्यावर तो ओरडला नाही. "ती फुटणार होती की नाही, ते माझं मी बघणार होतो," एवढंच म्हणाला. मग दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. माझ्या लग्नातही नाही.

पुढे बोलणं सुरू झालं, पण जपून. तो स्टोअरमध्येच राहिला. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. कारखान्याच्या मैदानाकडे मात्र पुन्हा फिरकला नाही. बत्तिसाव्या वर्षी, दुपारच्या डब्यानंतर, टेबलावर मान टाकलेला सापडला.

मधली आठ वर्षं त्याला हवी होती का, हे मी त्याला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.