तिसरी दुरुस्ती आणि स्टुकी सरांची खुर्ची

वेंडल स्टुकी सर आमच्या शाळेत एकतीस वर्षं आठवीला राज्यघटना शिकवत आहेत. आमच्या इलिनॉय राज्यात अमेरिकेच्या घटनेची परीक्षा पास झाल्याशिवाय आठवीतून पुढे सोडत नाहीत, त्यामुळे गावातला न्हावी, दंतवैद्य, अग्निशमन दलाचा प्रमुख, सगळे कधी ना कधी सरांपुढे घामाघूम झालेले आहेत. मी भिंतीपलीकडच्या वर्गात गणित शिकवतो. भाषणस्वातंत्र्याचा धडा चालू असताना पलीकडे कमालीची शांतता असते, कारण हात वर केल्याशिवाय बोललेलं सरांना खपत नाही.

सरांच्या शर्टाच्या खिशात घटनेची छोटी प्रत कायम असते. त्यांच्या बायकोनं, ऑड्रेनं, ती शर्टासकट तीनदा धुतली आहे. सहाव्या दुरुस्तीची पानं एकमेकांना चिकटली आहेत. सर म्हणतात, हरकत नाही, मला पाठ आहे.

वर्गात सिंह असलेला हा माणूस घरी मात्र मीठ मागायलाही कचरतो. घर ऑड्रेच्या वडिलांचं. दिवाणखान्यातली मागे कलंडणारी, तपकिरी चामड्याची आरामखुर्चीही त्यांचीच, पण सासरे वारल्यापासून तीत सर बसत. दुपारी चारला बूट काढायचे, खुर्ची मागे सारायची आणि मांडीवर पेपर घेऊन तपासायचे. सगळ्या संसारात स्वतःची म्हणावी अशी त्यांची तेवढीच एक जागा.

एप्रिलात, ईस्टरच्या सुमाराला ऑड्रेचा धाकटा भाऊ डुएन दोन आठवड्यांसाठी राहायला आला. तो नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलात सार्जंट. त्याच्या भाड्याच्या घरात पाणी शिरलं होतं. मे महिन्यात पाणी ओसरलं, जूनमध्ये नवी फरशी बसली, डुएन मात्र हलला नाही. तो साडेतीनला घरी यायचा. चारला सर पोचायचे तेव्हा आरामखुर्चीत डुएन आडवा आणि टीव्हीवर बेसबॉल. "या दाजी, बसा," असं तो अगदी मनापासून म्हणायचा. सर जेवणाच्या टेबलाशी लाकडी खुर्चीवर बसून पेपर तपासायचे. आठ महिन्यांत त्यांची पाठ धरली आणि मुलांचे मार्क घसरले.

बायकोशी एकदा बोला, असं मी सुचवलं. सर म्हणाले, योग्य वेळ बघतोय. एकतीस वर्षं पोरांना हक्क बजावायला शिकवणारा माणूस योग्य वेळ बघत होता.

दर डिसेंबरात सर हक्कांच्या सनदेचं न्यायालय भरवतात. सनद म्हणजे घटनेच्या पहिल्या दहा दुरुस्त्या; त्यांच्या चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकतात. मुलांच्या एकेका गटानं एक उचलायची आणि गावातलंच जितंजागतं उदाहरण आणून खटला चालवायचा. भाषणस्वातंत्र्याच्या पहिल्या दुरुस्तीवर सगळ्यांचा डोळा असतो, आणि तिसरी निघाली की पोरं डबा परत मागतात. शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीशिवाय कुणाच्या घरात सैनिक ठेवता येणार नाही, अशी ती दुरुस्ती. अडीचशे वर्षांपूर्वी ती मोठी गरजेची होती. आता तिचं उदाहरण कुठून आणायचं?

यंदा ती ग्रेटा लिंडॉलच्या गटाला निघाली. ग्रेटाचं घर स्टुकींच्या समोरच. तिनं डबा परत मागितला नाही. चिठ्ठीकडे बघितलं, सरांच्या धरलेल्या पाठीकडे बघितलं आणि साक्षीदारांची यादी लिहायला घेतली. यादी सरांच्या हातात पडली तेव्हा त्यांनी ती दोनदा वाचली. नको म्हणायला हवं होतं. सरांनी खाली सही केली. आठ महिन्यांत त्यांनी केलेलं एवढंच बंड.

खटल्याच्या दिवशी शाळेत जेवणाला राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचा रोल होता, त्यामुळे पालक भरपूर आले होते. मीही माझा वर्ग घेऊन मागे उभा राहिलो. साक्षीला बोलावलेला डुएन कडक इस्त्रीच्या गणवेशात, कौतुक होणार आहे अशा समजुतीनं आला होता. ऑड्रे पहिल्या रांगेत. न्यायाधीश अर्थातच स्टुकी सर.

ग्रेटानं स्टुकींच्या घराचा नकाशा टांगला. त्यात दिवाणखाना होता, टीव्ही होता आणि आरामखुर्ची लाल रंगात. आपण सैनिक आहात का, असं तिनं विचारलं. डुएन अभिमानानं हो म्हणाला. सध्या शांततेचा काळ आहे का?

"ताईच्या घरात? आत्तापर्यंत तरी होता," डुएन म्हणाला. लोक हसले. मग त्यानं डोकं खाजवलं. तोही कधीकाळी सरांच्याच हाताखालून गेला होता, दुसऱ्या खेपेला पास होऊन. "पण पोरी, मला सरकारनं नाही धाडलेलं. ताईनं ठेवलंय. मग ही दुरुस्ती मला कशी लागेल?"

ग्रेटा वळली. "सर, लागते का?"

सगळा वर्ग सरांकडे बघत होता. एक 'हो' म्हणायचा अवकाश होता. त्या खोलीत उलट सांगू शकेल असं दुसरं कुणी नव्हतं, आणि गावानं तर टाळ्याच वाजवल्या असत्या. पण याच प्रश्नावर सरांनी एकतीस वर्षं पोरांचे मार्क कापले होते. त्यांचा हात खिशातल्या प्रतीवर गेला आणि तिथेच राहिला.

"नाही लागत," सर म्हणाले. "हक्कांची सनद सरकारला बांधते. मेहुण्याला नाही. खटला फेटाळला."

डुएननं सलाम ठोकला. ग्रेटा खाली बसली. तेवढ्यात पहिल्या रांगेत ऑड्रेनं हात वर केला. हात वर केल्याशिवाय सरांना खपत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. सरांनी मान हलवली.

"संमती मी दिली होती," ती म्हणाली, "दोन आठवड्यांची. मला वाटलं याला डुएनची सोबत आवडतेय. हा एका शब्दानं बोलला नाही. डुएन, शनिवारी तुझा ट्रक दाराशी लाव आणि सामान हलव."

शनिवारी ट्रक दाराशी लागला. डुएनच्या दोन बॅगा चढल्या आणि त्यांच्यामागून आरामखुर्ची. डुएनच्या नव्या फरशीवर बसायला काहीच नव्हतं आणि ऑड्रेला भावाची दया आली. भरपाईशिवाय खाजगी मालमत्ता घेता येत नाही, असं सर दारात उभं राहून म्हणाले म्हणे. पाचवी दुरुस्ती. ऑड्रे म्हणाली, "ती सरकारला बांधते ना? आणि खुर्ची पपांची."

पुढच्या आठवड्यात परीक्षा झाली. सातवा प्रश्न होता, तिसरी दुरुस्ती कुणाला बांधते? ग्रेटानं लिहिलं होतं, 'सरकारला. मेहुण्यांसाठी मिसेस स्टुकी आहेत.' सरांनी पूर्ण मार्क दिले, रिकाम्या दिवाणखान्यात, उभ्या उभ्याच.