माझा तालिमखाना आज शेजाऱ्याला भिडला

बायांनो, आज लई खूश हाय मी.

भूकंपानंतर लातुरात घर बांधलं, तवापासून घरामागच्या ओलीत तालिमखाना उगवतो. इवलंसं जांभळं फूल, पण देठाला पेराएवढे काटे. आमचे हे म्हणायचे उपट, मी ऐकलं न्हाई.

शेजारचा होस्टेलवाला सकाळी माझ्याच जागेत खुंट्या ठोकत हुता, क्लासच्या पोरांच्या गाड्या लावायला.

"आजी, हे गवत काढा."

"तूच काढ की, मेल्या."

टाचेनं रेटून काढायला गेला अन् काटा टाचेत मोडला. बोंबलत माझ्याच ओट्यावर बसला. "आजी, सुई आणा!"

आणली, अन् हातात धरून बसले. "आधी खुंट्या काढ."

लंगडत सगळ्या काढल्या! मग काटा काढला मी, जरा सावकाशच.

उद्या तणनाशकाचा पंप घेऊन येईल. असल्याला तुमच्याकडं कसं हाकलतेत, सांगा गं.