साबणातली मूठ

आमच्या गाळ्यातल्या बेसिनवर सरळ वडीचा साबण मी कधी पाहिलाच नाही. कधी डब्याचं झाकण, कधी फॅनच्या रेग्युलेटरचं बटण, एकदा तर चक्क चपलेचं बक्कल. सगळं कपड्यांच्या साबणातून कोरलेलं. ही मामांची करामत. सॅम्पल पास झालं की साबण हात धुवायला.

गोडदेवला आमचा प्लास्टिकच्या वस्तू बनवायचा गाळा आहे. मी तिथे कोटेशन टाइप करतो, आणि फास्ट करतो. मामा साचे बनवायचे. मूळचे गुहागरकडचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी 'साच्याचा खर्च, वन टाइम' असं टाइप केलं की मागून आवाज यायचा, "वन टाइम म्हणजे काय रे?"

"एकदाच द्यायचा, मामा."

"आणि एकदाच चुकायचं. साच्याचं पोलाद कापलं की परत जुळत नाय."

म्हणून आधी साबण. गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घरी न्या. चार दिवस हाताळा. मग बोला." तुम्हीच सांगा, आजकाल कुणाला चार दिवस असतात? शेठ वैतागायचे. "मामा, पार्टी पैसा लेके खडी है और तुम साबुन घिस रहे हो."

"घिसने दो शेठ. लोहा तो नहीं घिस रहा."

एकदा पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या एक ताई आल्या. त्यांच्या सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. बोटं नीट वळत नव्हती, हातातून चमचा सुटायचा. ताईंना जाड मुठीचा चमचा बनवायचा होता, सासूबाईंसाठी आणि मग अशाच घरांत विकायला. नोकरी सोडताना मिळालेला सगळा पीएफ या साच्यात जाणार होता. साचा चुकला तर दुसऱ्यासाठी काही उरणार नव्हतं. हे त्यांनी हसत सांगितलं, पण पर्सची चेन सारखी उघडत-लावत होत्या.

मामांनी साबणाची मूठ कोरून दिली. इतकी सुबक की मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

आठवड्याने ताई आल्या त्या रडवेल्या होऊन. पिशवीतून झिजलेली, वेडीवाकडी मूठ काढली. "सॉरी मामा. आईंना सांगायचं राहून गेलं. त्यांनी आंघोळीला घेतली. रोज."

"हो गया," म्हणत शेठनी कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना.

मामा हसले नाहीत. ती मूठ उजेडात नेऊन फिरवत राहिले. एका बाजूला अंगठ्याची खोल खळी पडली होती, खाली दोन बोटांचे चर. बाकी बोटांचा मागमूस नाही.

"आजी एवढंच धरतात बघा," मामा म्हणाले. "मी पाची बोटांची मूठ केलेली. तशीच कापली असती तर तुमचं सगळंच गेलं असतं." मग हळूच, "आजींना सांगा, काम झालं. आता दुसरा साबण घ्या म्हणावं."

ताई तिथेच स्टुलावर बसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

पोलाद त्या खुणांवर कापलं गेलं. तो चमचा अजून चालतो. तुम्हीही कुठल्यातरी मेडिकलमध्ये पाहिला असेल, एका बाजूला खळी असलेला.

मामा आता नाहीत. डोळे थकले म्हणून गावाला गेले, मग तिकडूनच बातमी आली. हल्ली सॅम्पल थ्रीडी प्रिंटरमधून छापून येतं आणि बेसिनवर पंपाची बाटली असते.

बाटलीशेजारी मामांचं शेवटचं सॅम्पल पडलेलं असतं. ते कशाचं होतं, कुणालाच आठवत नाही, शेठनाही नाही. तरी बाटली सोडून सगळे तेच घेतात. परवा हात धुताना नीट बघितलं, तर आम्हा सगळ्यांच्या अंगठ्यांनी मिळून त्यात एक खळी पडलीये.

मी ते पुसलं आणि वर खिडकीत ठेवलं, वाळायला.